टिपाडापासून पानापर्यंत

पाठीवरच्या पंपाची टाकी 16 लिटरची असते आणि तिच्या नोझलचं भोक जेमतेम एक मिलिमीटरचं. दोन दिवस सावलीत मुरवलेलं, सकाळ-संध्याकाळ ढवळलेलं जीवामृत पाण्यात मिसळून याच भोकातून एकरभर कांद्यावर जायचं असतं. बऱ्याचदा ते जात नाही. एक-दोन वाफे नीट होतात, मग फवारा तिरका पडतो, मग नुसती धार लागते, मग थेंब. माणूस पंप बांधावर उतरवतो, नोझल खोलतो, काडीने कोरतो, तोंडाने फुंकतो आणि पुन्हा पट्टे खांद्यावर घेतो. एकराला अशा बारा-तेरा टाक्या लागतात. तिसऱ्या टाकीला कंटाळा येतो आणि उरलेलं द्रावण बांधावर ओतून दिलं जातं. सेंद्रिय शेतीतून माणसं मागे का फिरतात, याची मोठमोठी कारणं सांगितली जातात. माझ्या मते त्यातलं एक कारण या एक मिलिमीटरात आहे आणि त्याची दखल फारशी कुणी घेतलेली नाही.

लासलगाव देशाला ठाऊक आहे ते कांद्याच्या भावामुळे. 1947 मध्ये इथे बाजार समिती झाली. विंचूर आणि निफाड हे तिचे उपबाजार. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून मोकळा कांदा येतो, वाहनापाशीच लिलाव पुकारला जातो आणि इथला आकडा संध्याकाळी दिल्लीपर्यंत पोचतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र ‘कृषक’ इथे 2002 मध्ये उभं राहिलं. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून ते उभारलं आणि पुढे 2007 मध्ये अमेरिकेला निघालेला हापूसही इथूनच विकिरण होऊन गेला. म्हणजे काढलेल्या मालाचं काय करायचं, यावर या गावात पुष्कळ विचार झाला. उभ्या पिकाला जे पाजायचं, ते पाजण्याच्या साधनांवर मात्र तेवढा झालेला नाही. रासायनिक औषधांसाठी पंपांचे शेकडो प्रकार दुकानात टांगलेले दिसतात. शेणाचं, गांडूळखताचं, कुजलेल्या कंपोस्टचं पाणी मारायला कोणता पंप घ्यावा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: कोणताही घ्या, फक्त गाळून घ्या. या ‘फक्त गाळून घ्या’मध्येच सगळी मेख आहे.

जीवामृताची कृती आता निफाड तालुक्यात बहुतेकांना तोंडपाठ आहे. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनी ती गावोगावच्या शिबिरांतून रुजवली. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 200 लिटरच्या टिपाडात पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. साधारण 48 तासांनी ते वापरायला तयार होतं आणि आठवड्याच्या आत संपवायचं असतं. जमिनीतून द्यायचं तर एकरी 200 लिटर, पाण्यासोबत. फवारायचं तर वाढलेल्या पिकाला 20 लिटर जीवामृत 200 लिटर पाण्यात. परदेशात ज्याला कंपोस्ट टी म्हणतात ते याचंच भावंड. फरक एवढाच की तिथे कच्च्या शेणाऐवजी पूर्ण कुजलेलं कंपोस्ट पाण्यात ठेवतात आणि दिवस-दीड दिवस त्यात पंपाने हवा सोडतात. अमेरिकेत एलेन इंगहॅम यांनी या पद्धतीचा मोठा प्रसार केला. दोन्हींत हेतू एकच: खत म्हणून फार काही घालायचं नाही, जिवाणू वाढवून मातीत आणि पानावर सोडायचे.

आता पंप खोलून पाहू. टाकीच्या तोंडाला प्लॅस्टिकची जाळीदार टोपली असते. मुठीत, जिथे खटका दाबतो तिथे, बोटाएवढी दुसरी जाळी. नळीच्या टोकाला नोझल. नोझलची टोपी फिरवून काढली की आत आणखी एक छोटी गाळणी, तिच्यापुढे तिरक्या खाचा असलेली चकती आणि शेवटी भोकाची चकती. द्रावण त्या तिरक्या खाचांतून गोल फिरत बाहेर पडतं, म्हणून फवारा शंकूसारखा आतून पोकळ होतो आणि थेंब बारीक पडतात. पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला ही रचना उत्तम आहे. शेणातला काडीचा तंतू मात्र भोकात अडकायच्या आधी त्या खाचेत अडकतो. तंतू आडवा बसला की त्याच्यामागे बेसनाचा साका जमतो, साक्यावर बांधावरच्या मातीची रेती बसते. बाहेरून टाचणीने भोक मोकळं केलं तरी खाच तुंबलेलीच राहते. म्हणून नोझल साफ करूनही फवारा सुधारत नाही आणि टाचणीने भोक वेडंवाकडं होतं ते वेगळंच.

हा पंप मुळात कशासाठी जन्माला आला, हे निफाडच्या द्राक्षवाल्यांना जवळचं वाटेल. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर केवडा आला. बोर्दोच्या मिलार्दे यांनी 1885 मध्ये मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण जाहीर केलं. आपल्याकडे आजही मारतात ते बोर्डो मिश्रण हेच. सुरुवातीला मजूर ते बादलीत घेऊन झाडूच्या जुडग्याने वेलींवर शिंपडत. मग व्हिलफ्रांशच्या व्हर्मोरेल यांच्या कारखान्याने पाठीवर घ्यायचा तांब्याचा पंप बनवला आणि तो जगभर गेला. म्हणजे पाठीवरचा पंप केवड्याच्या औषधासाठीच घडला. त्याच्या जाळ्या, झडपा, वॉशर सगळं त्या हिशोबाने आहे. शेणाचं पाणी हा त्याचा मूळ धंदाच नाही. त्यामुळे दोष आपल्या जीवामृताचा नाही आणि पंपाचाही नाही. जोडी जुळवण्याचं काम राहून गेलं आहे.

ही जोडी जुळवताना पहिला प्रश्न पंपाचा येत नाही. पहिला प्रश्न हा, की द्रावण पानाला द्यायचं आहे की मातीला? कांद्याची पात उभी, नळीसारखी आणि मेणचट. तिच्यावर पडलेला थेंब घरंगळून खाली जातो. रासायनिक औषध मारतानाही म्हणूनच चिकटद्रव्य घालावं लागतं. कांद्याच्या मुळ्या मात्र उथळ असतात, वरच्या वीतभर मातीत पसरलेल्या. तेव्हा कांद्याला जीवामृत पाजायचं तर मातीत. पातीवर बारीक धुकं उडवण्याचा अट्टाहास सोडला की निम्मी कटकट तिथेच मिटते.

मातीसाठीचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दांडावर ठेवलेलं टिपाड आणि त्याला लावलेली तोटी. पाणी दांडाने वाहत असतं, त्यात वरून जीवामृताची धार पडत राहते. फक्त धारेचं गणित बसवावं लागतं. एकर भिजायला पाच तास लागत असतील तर 200 लिटर त्या पाच तासांत संपायला हवेत, म्हणजे लिटरची बाटली दीड मिनिटात भरली पाहिजे. बाटली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन हे पाच मिनिटांत जमतं. पण टिपाड जसं रिकामं होतं तशी धार मंदावते, त्यामुळे अधूनमधून तोटी थोडी थोडी उघडावी लागते. रात्रीच्या विजेवर पाणी भरणाऱ्याला हे त्रासाचं आहे, याची जाणीव आहे. टिपाड आणि दांड यांच्यामध्ये एक बादली ठेवून तिला टाकीचा बॉल कॉक बसवला, तर बादलीतली पातळी सारखी राहते आणि धारही. बॉल कॉक मोठ्या भोकाचा घ्यावा, नाहीतर तोही तुंबतो.

ज्यांचा कांदा मिनी स्प्रिंकलरवर किंवा ठिबकवर आहे, त्यांचं गणित वेगळं. मिनी स्प्रिंकलरचं भोक त्यामानाने मोठं, त्यातून नीट गाळलेलं द्रावण जातं. ठिबकच्या ड्रिपरमधली वाट मात्र एक मिलिमीटरच्या आसपास आणि नागमोडी असते. तिथे 120 मेशची गाळणी हवीच, म्हणजे साधारण 0.13 मिलिमीटरची छिद्रं. व्हेंच्युरीने जीवामृत ओढायचं तर ते फिल्टरच्या आधी ओढलं पाहिजे, पुढे नाही. त्यानंतर निदान अर्धा तास नुसतं साधं पाणी चालवायचं आणि लॅटरलची टोकं उघडून धुवायची. रेनपाइपची बारीक छिद्रं तर या कामाला अजिबात नकोत. एकदा तुंबलेली रेनपाइप साफ करण्यापेक्षा नवी घेणं परवडतं.

द्राक्षबागेत मंडळी याहून पुढे गेली आहेत. वेलीच्या बुंध्याशी स्लरी द्यायला मडपंप वापरतात, लांब पाइप ओढतात आणि नोझलच्या भानगडीत पडत नाहीत. मडपंपाचं पातं उघडं असतं, काडीकचरा त्यातून निघून जातो. हे साधन कांद्याच्या आणि भाजीच्या वाफ्यांपर्यंत अजून नीट पोचलेलं नाही. ते पोचायला हवं.

गाळण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी कमाई इथे आहे. बहुतेक जण सगळं टिपाडात एकत्र घालतात आणि शेवटी गाळायला बसतात. त्याऐवजी शेण किंवा कंपोस्ट सुती कापडात बांधून, बाहेरून कांद्याच्या जाळीच्या गोणीचं अस्तर देऊन, काठीला टांगून चहाच्या पुडीसारखं पाण्यात सोडावं. रोज दोनदा ते वर-खाली करून पिळावं. काडीकचरा आत राहतो आणि पाण्यात फक्त अर्क उतरतो. लासलगावात जाळीच्या गोण्यांना तोटा नाही. गूळ आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून आणि बेसन भिजवून, गुठळ्या मोडून, चाळणीतून घालावं. नोझलमध्ये सापडणारा चिकट साका बहुधा या बेसनाचाच असतो. टिपाडाला तोटी तळाशी बसवू नये, वीतभर वर बसवावी. ढवळणं थांबवून तासभर निवळू दिलं की रेती आणि जड गाळ खाली बसतो आणि तोटीतून येतं ते बरंच स्वच्छ असतं. तळाचा गाळ कंपोस्टच्या ढिगात किंवा झाडाच्या आळ्यात टाकावा. वाया काही जात नाही.

यानंतर गाळणी. कापड ताणून बांधलं की दोन बादल्यांत तुंबतं, कारण गाळायला जागाच तेवढी असते. जुन्या सुती लुगड्याची लांब झोळी शिवून टांगली तर जागा चौपट होते आणि तुंबायला वेळ लागतो. पाठीवरच्या पंपासाठी 50 मेश पुरते, म्हणजे 0.3 मिलिमीटरच्या आसपास. जाळीचं छिद्र नोझलच्या भोकाच्या एक-तृतीयांशापेक्षा मोठं नसावं, एवढा एक हिशोब लक्षात ठेवला की पुरे. त्याहून फार बारीक गाळण्याच्या मागे लागू नये. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे असतात, ते कुठल्याही जाळीतून जातात. बुरशीचे लांब तंतू मात्र दाट कापडात अडकून बसतात आणि चांगल्या कंपोस्टच्या अर्कात तेच तर हवे असतात.

आता पंप. पाव एकर, अर्ध्या एकरासाठी चार्जिंगचा पाठीवरचा पंप बरा. त्याची मोटर पडद्याचा पंप चालवते आणि पडद्याला थोडी रेती सहन होते. दांड्याच्या जुन्या पंपात पिस्टनचा वॉशर असतो. रेतीने तो घासतो आणि दाब बसेनासा होतो. पण पंपापेक्षा महत्त्वाचा बदल नोझलचा आहे. पंपासोबत आलेलं पोकळ शंकूचं नोझल काढून ठेवावं आणि तणनाशकासाठी विकतात ते फ्लड जेट नोझल बसवावं, नवं कोरं. त्याच्यात तिरक्या खाचांची चकती नसते. भोक मोठं असतं, द्रावण समोरच्या पत्र्यावर आपटून पंख्यासारखं पसरतं आणि थोड्या दाबावरही रुंद पट्टा पडतो. थेंब जाड पडतात. औषधाच्या फवारणीत हा दोष ठरला असता, इथे गुण ठरतो, कारण आपल्याला माती ओली करायची आहे. एक टाकी साधारण सव्वातीन गुंठ्यांना पुरली पाहिजे. त्याआधीच संपली तर चाल वाढवायची, उरली तर कमी करायची.

एकरापेक्षा जास्त क्षेत्र असलं की बहुतेकांकडे एचटीपी असतोच. तीन पिस्टनचा हा पंप 20 ते 40 किलो दाब देतो. आपल्या कामाला एवढ्या दाबाची गरज नाही. कीड खाणारे सूत्रकृमी फवारणारे उत्पादक 20 किलोच्या आत दाब ठेवा आणि 50 मेशपेक्षा बारीक जाळ्या काढून टाका, असं सांगतात. जीवामृताला आणि कंपोस्टच्या पाण्याला हाच दंडक लावावा. रेग्युलेटर सैल केला की जादा द्रावण परतीच्या नळीने टिपाडात येतं आणि त्याने टिपाड आपोआप ढवळलं जातं, हा त्याचा मोठा फायदा. परतीची नळी पाण्यात बुडालेली ठेवावी, नाहीतर गुळा-बेसनाचा फेस टिपाडाबाहेर येतो. द्राक्षबागेचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर मात्र या कामाला नेऊ नये. ऑक्टोबर छाटणीनंतर त्यातून सतत बुरशीनाशकं जात असतात, त्याच्या टाकीच्या कोपऱ्यात तांब्याचा अंश राहतो. जिवाणू सोडायचे आणि त्याच टाकीत ते मारणारं औषध ठेवायचं, याला काही अर्थ नाही.

पितळी नोझल आणि पितळी लान्स यांबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत आणि पावसाळ्यात ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण, याचा उलगडा 1921 मध्ये झाला. गोमूत्रातूनही अमोनिया सुटतो. गोमूत्राचं द्रावण पितळी लान्समध्ये रात्रभर राहिलं की पितळ हिरवं पडतं, आटे झिजतात आणि पुढे कधीतरी तडा जातो. प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टीलचं घ्यावं आणि काम संपल्यावर लगेच तीनदा साध्या पाण्याने धुवावं. रात्रभर द्रावण राहिलेल्या नळीत आतून बुळबुळीत थर जमतो आणि पुढच्या वेळी त्याचेच तुकडे सुटून नोझलमध्ये येतात.

शेणाच्या पाण्याचा पंप वेगळा ठेवावा, यावर मी अडून बसेन. पंपावर रंगाने मोठं चिन्ह काढावं आणि त्यात कधीही औषध घालू नये. तणनाशकाचा अंश राहिलेल्या पंपाने बागेचं काय होतं, हे या भागात सांगायला नको. 2,4-डीचा थोडासा अंशही द्राक्षवेलीला चालत नाही. दुसरं कारण माणसाचं आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेणाचं पाणी विषारी नाही म्हणून माणूस उघड्या हाताने पंप हाताळतो, तोंडाने नोझल फुंकतो. पंप दोन्ही कामांना एकच असेल तर ही मोकळीक जिवावर बेतू शकते. आणि शेणाच्या पाण्यातही पोटाला बाधणारे जंतू असतात, तेव्हा फुंकणं दोन्हीकडे बंद. जुना टूथब्रश खिशात ठेवावा.

ड्रोनचा विषय आता निघतोच. नमो ड्रोन दीदी योजनेतून महिला बचत गटांना ड्रोन मिळू लागले आहेत आणि औषध फवारणीत त्यांनी मजुरांचे कष्ट आणि धोका दोन्ही कमी केले, हे मान्य. पण शेतीच्या ड्रोनची टाकी साधारण 10 लिटरची आणि एकराला तो तेवढंच द्रावण उडवतो. जीवामृताची फवारणीची मात्राच एकरी 20 लिटर, तीही 200 लिटर पाण्यात. ड्रोनने मारायचं तर पाणी न घालता, दाट द्रावण, अत्यंत बारीक नोझलमधून, दोन फेऱ्यांत. हे जमणारं नाही. जीवामृतासाठी ड्रोन भाड्याने घ्या, असं कुणी सुचवलं तर पैसे वाचवावेत.

लासलगाव ते नाशिक या पट्ट्यात रस्त्याकडेला हिरवळीची मोठमोठी मैदानं दिसतात. ही लग्नकार्याची ‘लॉन्स’. तिथल्या गवतावर लहान मुलं लोळतात, पंगती बसतात, म्हणून तिथे रासायनिक औषधं कमी व्हावीत असं वाटणारे मालक आहेत. गवताला जीवामृत चालतं, पण वास दोन दिवस राहतो आणि तिथीला ते परवडत नाही. तिथे पूर्ण कुजलेल्या गांडूळखताचं हवा सोडून केलेलं पाणी वापरावं. चांगल्या कंपोस्टच्या पाण्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. आंबूस किंवा सडका वास आला तर ते गवतावर नेऊच नये. साधन म्हणाल तर अर्ध्या हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक, बागेचा पाइप आणि टोकाला झारीची मोठ्या भोकांची जाळी. दोन मिलिमीटरपेक्षा लहान भोक कुठेही नको. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, गवत आधी थोडं भिजवून. नळाच्या पाण्याला क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरावं.

घरच्या परसबागेला याहून सोपं आहे. वीस लिटरची बादली, माशांच्या टाकीचा एअर पंप, कापडी पिशवीत दोन किलो गांडूळखत, मूठभर गूळ आणि 24 तास. पानाला मारायचं तर पाच लिटरचा हाताने हवा भरायचा पंप, नाहीतर साधी झारी. गच्चीवरच्या दहा-वीस कुंड्यांसाठी यापेक्षा महाग काही घेऊ नये.

द्रावण चांगलं नसेल तर चांगला पंपही कामाचा नाही, म्हणून दोन गोष्टी या भागापुरत्या सांगतो. पहिली थंडीची. निफाडचा पारा हिवाळ्यात पाच अंशांच्या खालीही जातो आणि उन्हाळ कांद्याची वाढ नेमकी त्याच दिवसांत असते. एवढ्या थंडीत 48 तासांत जिवाणू पुरते वाढत नाहीत. टिपाडाला गोणपाट गुंडाळावं, भिंतीच्या उबेला ठेवावं आणि एक-दोन दिवस जास्त द्यावेत. दुसरी गोष्ट चाळीतल्या सडक्या कांद्यांची. ते उकिरड्यावर जातात आणि काजळी आणि मूळकुजीच्या बुरश्या त्यांच्यासोबत जातात. ढीग आतून 55 अंशांच्या वर काही दिवस तापला, पलटला गेला, तरच त्या मरतात. अर्धकच्च्या उकिरड्याचं पाणी कांद्यावर सोडणं म्हणजे चाळीतला रोग शेतात परत नेणं. शिवाय साठवायच्या कांद्याला लागवडीनंतर 60 दिवसांपुढे नत्र देऊ नये, हा नियम स्लरीलाही लागू आहे.

कच्च्या शेणाबद्दलही बोललं पाहिजे. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, खाण्याचा भाग मातीला लागतो अशा पिकाला कच्चं शेण दिल्यावर काढणीपर्यंत 120 दिवस जावे लागतात. तिथल्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कंपोस्ट टी गटाने 2004 मध्ये आणखी एक इशारा दिला: गूळ-काकवीसारखं गोड खाद्य घातलं की चांगल्या जिवाणूंसोबत पोटाला बाधणारेही वाढू शकतात. आपण गूळ घालतोच. तेव्हा कांद्याची पात, कोथिंबीर, मेथी, पालक यांच्या पानांवर जीवामृत फवारू नये, मुळाशी द्यावं. हे कटू वाटेल, पण ग्राहकाला ‘विषमुक्त’ म्हणून विकताना ही जबाबदारी आपलीच आहे.

आणि या सगळ्याने रोग जातो का? 1980च्या दशकात जर्मनीत बॉन विद्यापीठात वेल्टझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपोस्टच्या अर्काने द्राक्षावरचा केवडा रोखण्याचे प्रयोग केले आणि त्यात यशही दिसलं. पण नंतर ठिकठिकाणी निष्पत्ती कमी-जास्त येत राहिली, कारण प्रत्येकाचं कंपोस्ट वेगळं आणि प्रत्येक टिपाड वेगळं. ढगाळ हवा आणि दव असताना केवडा चढला तर निव्वळ स्लरीवर बाग सोडावी, असं मी कुणाला सांगणार नाही. मातीचा पोत, मुळांची वाढ, पाणी धरून ठेवणं यांत मात्र शेणाच्या पाण्याचं काम वर्षागणिक दिसतं आणि म्हणूनच ते मातीपर्यंत नीट पोचलं पाहिजे.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना आपापले प्रयोग मांडायला, एकमेकांना दाखवायला शिकवलं. पंप-नोझलच्या बाबतीत तेच व्हायला हवं. निफाड तालुक्यात आज झोळीची गाळणी, मडपंपाची जोडणी, टिपाडाची वर बसवलेली तोटी अशा युक्त्या विखुरलेल्या आहेत. एका शिवारातली दुसऱ्या शिवाराला ठाऊक नाही. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये 2481 कोटी रुपयांचं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं आणि त्यात 10,000 जैविक निविष्ठा केंद्रं उभी करायची ठरवली. या केंद्रांतून नुसतं जीवामृत आणि दशपर्णी अर्क विकून भागणार नाही. तिथे 50 आणि 120 मेशच्या गाळण्या, फ्लड जेट नोझल आणि एक मडपंप भाड्याने मिळाला पाहिजे. महाडीबीटीवर फवारणी पंपाला अनुदान मिळतं, तसं ते गाळणीच्या संचाला मिळालं पाहिजे. त्याची किंमत पंपापेक्षा कितीतरी कमी आहे.

लासलगावच्या बाजार आवारात रोज शेकडो शेतकरी लिलावाची वाट पाहत तासन्‌तास बसतात. तिथेच एक टिपाड, एक झोळी आणि चार नोझल मांडून दाखवायला बाजार समितीला, कृषी विज्ञान केंद्राला आणि पंप बनवणाऱ्यांना फार खर्च येणार नाही. या रब्बीच्या लागवडीआधी त्यांनी ते करावं. आणि वाचकांपैकी ज्यांच्या शेडमध्ये तुंबलेला पंप पडून आहे, त्यांनी तो टाकून देण्याआधी नोझल बदलून एकदा चालवून पाहावा.